अपडेट अडलं, म्हणजे व्हायरसच असं नाही

रात्री कंप्युटर बंद करताना अपडेट सुरू होतं. टक्केवारी वाढत जाते, मध्येच अडते, मशीन आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतं आणि शेवटी स्क्रीनवर सूचना येते : अपडेट पूर्ण झालं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. घरात लगेच निदान होतं, 'व्हायरस शिरला.' उपायही तयारच असतो, 'फॉरमॅट मारून घे.' मग त्या फॉरमॅटमध्ये लग्नाचे फोटो जातात, मुलांचे प्रोजेक्ट जातात, आयकराची कागदपत्रं जातात. बहुतेक वेळा या टोकाला जायची गरजच नसते.

जानेवारी २०२४ मधलं उदाहरण बघण्यासारखं आहे. विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट जगभर अनेकांच्या कंप्युटरवर अडलं. ८००७०६४३ या आकड्यांचा एरर कोड यायचा. पुन्हा प्रयत्न केला तरी तेच. या कंप्युटरांत व्हायरस नव्हता. हार्ड डिस्कवर विंडोजने दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला एक छोटा, एरवी न दिसणारा भाग असतो. अपडेटला त्या भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. सी ड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी उपयोग नव्हता. एरर कोडवरून मात्र यातलं काहीच कळत नव्हतं. दोष मायक्रोसॉफ्टने आखलेल्या रचनेचा होता, पण धास्ती घेतली सामान्य माणसाने.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. ही पायरी टाळून पुढे जाऊ नका. मग सेटिंग्जमध्ये अपडेटची हिस्टरी उघडून कोणतं अपडेट कोणत्या कोडने अडलं ते लिहून घ्या. कोड ८००७००७० असेल, तर जागा कमी आहे एवढाच अर्थ. मोठ्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर साधारण २० जीबी मोकळी ठेवावी. तारीख आणि वेळही बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे पडतं आणि सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून एकदा रीस्टार्ट करून बघा.

एवढ्याने भागलं नाही, तर विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर चालवा. त्यानंतर सिस्टिमच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या कमांड आहेत : आधी 'डिझम', मग 'एसएफसी'. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण 'एसएफसी' ज्या साठ्यातून चांगली फाइल उचलते, तो साठा 'डिझम' दुरुस्त करते. विंडोज ११ च्या रिकव्हरी विभागात तर फाइल्स आणि प्रोग्राम जागेवर ठेवून विंडोज नव्याने बसवायची सोयही आहे. फॉरमॅट हा त्याच्याही नंतरचा उपाय.

मग व्हायरसची शंका कधी घ्यायची? अनेक लक्षणं एकत्र दिसली तर. अपडेटची सेवा बंद पडली आहे, सुरू केली तरी पुन्हा बंद होते. अँटिव्हायरस उघडत नाही. आणि बाकी सगळ्या वेबसाइट चालतात, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्या तेवढ्या उघडत नाहीत. २००८ च्या नोव्हेंबरात पसरू लागलेल्या 'कॉनफिकर' वर्मने नेमकं हेच केलं होतं. ज्या दुरुस्तीने तो रोखला गेला असता, ती मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरलाच दिली होती. वर्म आत शिरला, की अपडेट आणि मदतीच्या वेबसाइट अशा दोन्ही वाटा बंद करायचा.

अशी लक्षणं दिसली तर नेट तोडा आणि विंडोज सिक्युरिटीमधला डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे विंडोजसोबत जागा होऊन लपणारा व्हायरसही त्याला सापडू शकतो. साधारण १५ मिनिटं लागतात. काम आधी सेव्ह करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनंही मोफत मिळतात.

खरा धोका बऱ्याचदा 'मदती'च्या रूपात येतो. ब्राउझरमध्ये लाल पडदा, कर्कश आवाज आणि 'ताबडतोब या नंबरवर फोन करा'. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. काही बनावट पानं 'विंडोज आणि आर बटण दाबा, पेस्ट करा, एंटर मारा' असं सांगतात. असं केलंत, की व्हायरस तुम्ही स्वतःच्या हाताने आत घेतलात. क्रॅक सॉफ्टवेअर बसवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूसही हेच करवून घेतो.

या कटकटीला वैतागून अपडेट कायमचं बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २०१७ आठवावं. ज्या फटीतून फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' शिरला, ती बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलं होतं. हल्ला झाला १२ मे रोजी. जवळपास दोन महिने हाताशी होते, तरी दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक कंप्युटर अडकले आणि इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवावं लागलं. विंडोज १० चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. ते वापरणाऱ्यांनी जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करावी, नाहीतर नवीन प्रणालीवर जावं.

या रविवारी अर्धा तास काढा. बॅकअप घ्या, अपडेटची हिस्टरी उघडून बघा आणि घरातल्या ज्येष्ठांना एवढं नक्की सांगा : स्क्रीनवर आलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.