फ्रेम करायला देताय? आधी टेप काढा!

नव्या फ्लॅटच्या भिंतीवर आजी-आजोबांचे फोटो लावायचेत? मग दुकानात जाण्याआधी एवढं बघा.

१) चित्र सपाट ठेवून रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी मोजा. जुने कागद क्वचितच काटकोनात कापलेले असतात. फ्रेमसाठी सगळ्यात मोठं माप धरा.

२) फ्रेमचं ८×१२ इंच हे माप म्हणजे तिच्या मागच्या खाचेचं माप. समोरून पट्टी प्रत्येक बाजूला साधारण पाव इंच झाकते. अगदी कडेला सही असेल तर ती गेलीच!

३) ए-फोर प्रिंट ८×१२ मध्ये बसत नाही. ती २१० मिमी, म्हणजे सव्वाआठ इंच रुंद असते.

४) फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट हवा? ८×१२ फोटोसाठी खिडकी पावणेआठ बाय पावणेबारा ठेवा, म्हणजे फोटो निसटत नाही. फ्रेम १२×१६ घेतली की चौफेर जवळपास दोन इंच माउंट दिसतो.

५) कॅनव्हासची जाडीही मोजा.

घरात रविवर्मा प्रेसचं जुनं देवाचं चित्र असेल, तर मापात बसवायला कडा अजिबात कापू देऊ नका. छापखान्याचं नाव बऱ्याचदा खालच्या कडेलाच असतं. चित्राला फ्रेम शोधा, फ्रेमसाठी चित्र कापू नका.