न हलण्याचे कष्ट
(मैदान आणि शरीर : भाग ७)

तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा हे नागझिऱ्याच्या जंगलाला खेटून असलेलं गाव. या भागात धानाची कापणी उरकली की कबड्डीचे सामने रंगतात, आणि तिथे कोण किती दमला हे सांगायला पंच लागत नाही. ३० सेकंदांची चढाई संपवून परतणाऱ्याची धाप शेवटच्या रांगेतूनही दिसते. याच प्रेक्षकांपुढे तिरंदाज उभा केला तर कुणीतरी म्हणेलच, ‘यात कसली मेहनत?’

शंका रास्त आहे. खर्च होणारी ऊर्जा मोजली तर तिरंदाजी झपझप चालण्याच्या पंगतीत बसते. ताशी १० किलोमीटरने धावणाऱ्याला तिच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. हृदय आणि फुप्फुसांचा कस पाहायचा तर कबड्डीच भारी. उगाच बरोबरी लावू नये.

पण नागपूरच्या ओजस देवतळेचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात तो जगज्जेता झाला. अंतिम लढतीत १५ बाण, १५० पैकी १५० गुण. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटरचं असतं. कंपाउंड धनुष्य ओढायला ६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २७ किलोंचा जोर लागतो. पात्रता फेरीत ७२ बाण. गुणाकार केला तर जवळपास दोन टन होतात, आणि सरावाचे बाण यात धरलेलेच नाहीत. या धनुष्याच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर भार बराच हलका होतो. ऑलिम्पिकमधल्या रिकर्व्ह धनुष्यात ती सवलत नाही. बाण सुटेपर्यंत सगळा ताण खांद्यांवर आणि पाठीवर.

धरून ठेवणं एवढं जड का जातं? धावताना स्नायू आकसतो, सैल होतो, आणि रक्त खेळतं राहतं. ताणून धरलेला स्नायू मात्र स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू कमी पडतो, थकवा साचतो, थरथर सुरू होते. पाण्याने भरलेली लिटरची बाटली हात सरळ ताणून दोन मिनिटं धरून पाहावी.

म्हणूनच नेमबाज स्नायूंचं काम हाडांवर ढकलतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत हा खेळ चालतो. रायफल ८ किलोंपर्यंतची. उभं राहताना नेमबाज कंबरेतून मागे झुकतो, डावं कोपर कंबरेच्या हाडाजवळ टेकवतो आणि रायफलचं वजन हाडांवाटे जमिनीत उतरवतो. हात निवांत राहतो, पण त्याची किंमत कंबर मोजते. वरून जाड, ताठ जॅकेट. पात्रता फेरीत तिन्ही स्थिती मिळून ६० गोळ्या झाडायच्या.

उरतं हृदय. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके टीव्हीवर दाखवले गेले. महिलांच्या अंतिम लढतीत शेवटच्या एका बाणावर सोनं ठरणार होतं. तेव्हा रशियन संघाच्या येलेना ओसिपोवाचे ठोके मिनिटाला १६७ होते, कोरियाच्या आन सानचे ११८. दोघीही जागच्या जागी उभ्या! जिंकली आन सान.

मिनिटाला ६० ठोके पडत असतील तर नेम साधायला दोन ठोक्यांमध्ये एक सेकंद मिळतो. १२० पडले की अर्धाच. छातीतला ठोक्याचा धक्का बंदुकीच्या नळीपर्यंत पोचतो. म्हणून जागचं न हलणारे हे खेळाडूही पळायला जातात, कारण पळून कमावलेलं हृदय विश्रांतीत संथ चालतं.

काहींनी आडवाटही धरली. २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची पिस्तूल प्रकारातली दोन्ही पदकं काढून घेतली गेली. त्याच्या शरीरात प्रोप्रॅनोलॉल हे ठोके मंदावणारं औषध सापडलं होतं. हीच गोळी कबड्डीपटूने घेतली, तर दोन-चार चढायांतच त्याचा दम संपेल.