कोरफडीचं पान कोणत्या महिन्यातलं?

श्रावणात कुंडीतली कोरफड अशी टरारते की पान कापायचा मोह आवरत नाही. ‘पान जितकं जाड, तितका गुण जास्त’ हा तिच्याबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज. गराचा जवळजवळ ९९ टक्के भाग पाणीच असतो. ज्या अ‍ॅसिमॅनन नावाच्या बहुशर्करेसाठी कोरफडीचं नाव घेतलं जातं ती, इतर शर्करा, सेंद्रिय आम्लं, क्षार, सगळं उरलेल्या एखाद्या टक्क्यात. पावसाळ्यात पान पाणी साठवतं, वजन भरतं, पण हा टक्का त्या मानाने वाढत नाही. पाणी घातलेलं दूधही मापात भरतंच की! उन्हाळ्यात पान बारीक, तांबूस दिसतं, गर मात्र घट्ट लागतो. म्हणून झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवायला मात्र जाऊ नये. ताण फार झाला की झाड स्वतःच्याच साठ्यावर जगू लागतं आणि गर उरत नाही.

‘चीक कडू म्हणजे औषध जालीम’ हा दुसरा समज, आणि तो धोक्याचा. सालीखालच्या पिवळ्या चिकात अ‍ॅलोइन असतं. हाच चीक वाळवून काळा बोळ करतात. तो तीव्र रेचक आहे. पोटात मुरडा येतो, गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने २००२मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी अशी रेचकं बंद केली. अ‍ॅलोइन ऋतूनुसार बदलतं आणि पानाच्या वयानुसारही. कोवळ्या पानात त्याचं प्रमाण जास्त. म्हणून गरासाठी खालचं, जून पान घ्यावं, कापलेली बाजू खाली करून चीक निथळू द्यावा आणि मग पान धुवावं.

ऋतूच कशाला, एका दिवसातही फरक पडतो. कोरफडीची रंध्रं रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा वापरला जातो. त्यामुळे पहाटेचा गर संध्याकाळच्या गरापेक्षा आंबट.

महिना अगदी योग्य निवडला, तरी तोडलेलं पान पडून राहिलं की त्यातलीच विकरं बहुशर्करा तोडू लागतात. गर जास्त तापवला तरी तेच नुकसान. बाटलीवर कोरफडीची टक्केवारी मोठ्या अक्षरांत असते, पान कधी तोडलं ते मात्र सहसा नसतं.