आजारपणाचा डबा घरात हवाच

रात्री दोन वाजता लेकराला जुलाब-उलट्या सुरू होतात. मेडिकल बंद, दवाखाना सकाळी उघडणार, रिक्षावाला दुप्पट भाडे मागतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात पहिला प्रश्न पडतो तो पैशाचा. अशा वेळी सुरुवातीचे काही तास निभावून नेणारे सामान हाताशी असेल, तर घाबरगुंडी उडत नाही आणि जीवही वाचू शकतो. त्यासाठी कपाट लागत नाही, झाकणाचा एक स्वच्छ डबा पुरतो.

डब्यात सर्वांत आधी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, तीन-चार पाकिटे ठेवा. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटले. ते रुग्णांना पाजले त्यांच्या नातेवाइकांनी. मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आले. हेच काम आपल्या घरातली आई किंवा आजी करू शकते.

मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकावे. अंदाजाने अर्धे टाकू नये. लहान पाकिटावर पाण्याचे माप वेगळे असते, ते वाचावे. तयार पाणी 24 तासांत वापरावे, उरलेले फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. दुकानातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सहा महिन्यांवरील मुलाला जुलाबात 20 मिलिग्रॅम झिंकची गोळी रोज एक, अशी 14 दिवस देतात. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू खाली बसू लागली किंवा शौचातून रक्त आले, तर घरी थांबू नका. पाणी पाजत-पाजतच दवाखाना गाठा.

दुसरी वस्तू डिजिटल थर्मामीटर. हात लावून ताप कळतो, पण किती ते कळत नाही. सोबत पॅरासिटामॉल ठेवा. मोठ्या माणसाने 500 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम घेतल्या तर मात्रा वाढून यकृताला इजा होते. मुलांचा डोस वजनावर ठरतो. सिरपच्या बाटल्या कमी-जास्त शक्तीच्या असतात, म्हणून शेजारच्या बाटलीचे माप आपल्या बाटलीला लावू नये. डेंग्यूची साथ असताना अॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

जखमेसाठी गॉज, बँडेज, चिकटपट्टी, कात्री आणि आयोडीनचे मलम ठेवा. जखम आधी साबण-पाण्याने धुवा. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते गार पाणी घाला. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका.

डब्यात काय नसावे, तेही महत्त्वाचे. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या, मुदत संपलेली औषधे आणि नाव पुसलेल्या पट्ट्या ठेवू नका. लहान मुलाला जुलाब थांबवण्याची गोळी स्वतःहून देऊ नका. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.

बीपी, शुगर, दम्याचे रुग्ण घरात असतील तर त्यांची आठवडाभराची जास्तीची औषधे ठेवा. जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळतात. जुने केसपेपर, आधार कार्ड आणि रेशनकार्डच्या प्रती त्याच डब्यात असाव्यात. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ही कागदपत्रे लागतात. झाकणावर 108 क्रमांक आणि आशाताईंचा फोन ठळक लिहा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा उघडून तारखा तपासा, संपलेले भरा. आणि डबा कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत करून द्या. आई कामावर गेली असताना दहावीतल्या मुलीलाही धाकट्या भावासाठी जलसंजीवनी करता आली पाहिजे.