वन्य जीव व्यवस्थापन व लोकसहभाग : नांदेड–लातूर

वन्य प्राणी, त्यांचा अधिवास आणि त्या अधिवासाच्या कडेला राहणारा माणूस यांच्यातील संबंधांचे नियमन म्हणजे वन्य जीव व्यवस्थापन होय. गणना, गस्त व पाणवठे ही त्याची तांत्रिक अंगे. परंतु ज्याच्या पिकावर, गुरांवर आणि झोपेवर या व्यवस्थेचा भार पडतो, त्या ग्रामस्थाची संमती नसेल तर ती निरुपयोगी ठरतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या शेजारच्या जिल्ह्यांत हा प्रश्न दोन भिन्न रूपांत आढळतो.

नांदेडच्या उत्तर भागात, विशेषतः किनवट व माहूर तालुक्यांत, सागाची पानझडी वने असून यवतमाळच्या सीमेलगत पैनगंगा अभयारण्य आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान व बंजारा या समाजांची येथे वस्ती आहे. किनवटचा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. निजामी अमदानीत राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा गोंड–कोलामांच्या फिरत्या शेतीवर व चराईवर बंधने आली. त्याच जिल्ह्यात 1940 मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावाच्या मुळाशी हीच तक्रार होती. ‘जंगल सरकारचे’ ही भावना इतकी जुनी आहे आणि आजच्या वनरक्षकास ती वारशाने मिळते.

केंद्र शासनाच्या 1990 च्या परिपत्रकानंतर संयुक्त वन व्यवस्थापन समित्या स्थापन होऊ लागल्या. महाराष्ट्रात या समित्यांचे सचिवपद वन खात्याच्या कर्मचाऱ्याकडे असल्याने पुष्कळ गावांना त्या आपल्या वाटल्या नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कच ग्रामसभेला दिला. परवानगी आणि हक्क यांतील हा फरक केवळ कागदी नव्हे.

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे. येथील काळवीट, नीलगाय (रोही) व रानडुक्कर हे माळरान, गायरान, नदीकाठची झुडपे व उसाचे फड यांच्या आश्रयाने राहतात. काळवीट हा मुळात मोकळ्या गवताळ माळाचा प्राणी. माळ नांगराखाली आले तेव्हा तो शेतात शिरला असे म्हणण्यापेक्षा शेतच त्याच्या माळावर आले, असे म्हणणे अधिक योग्य. मात्र उगवलेले सोयाबीन किंवा कोवळा हरभरा एका रात्रीत खुडला गेलेल्या शेतकऱ्याला या विवेचनाने दिलासा मिळत नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याचाच असतो. माळ्यावरची जागल, गोफण, बुजगावणे, बांधाभोवती बांधलेल्या जुन्या साड्या व अलीकडची सौर झटका यंत्रे हे त्याचे उपाय होत. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यात प्राण्यांबरोबर माणसेही दगावतात.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील एक भेद या संदर्भात महत्त्वाचा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असला, तरच त्याच्या शिकारीस परवानगी देता येते. पिकाची हानी हे कारण पुरेसे नाही. काळवीट या अनुसूचीत आहे. नीलगाय व रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत असून, उभ्या पिकास धोका असल्यास त्यांच्याबाबत प्राधिकृत अधिकारी परवानगी देऊ शकतो. काळविटाबाबत म्हणून शेतकऱ्याच्या हाती मुख्यतः नुकसानभरपाईच उरते. तीसाठी पंचनामा व सातबारा उतारा लागतो. बटाईने शेती करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते. रात्र जागणारा एक आणि अर्जदार दुसरा, अशी स्थिती उद्भवते. भरपाईची रक्कम वाढविण्याइतकाच हा दोष दूर करणेही निकडीचे आहे.

या कायद्याने ज्यांची उपजीविकाच गेली, अशा फासेपारध्यांचा उल्लेख व्यवस्थापनाच्या आराखड्यांत क्वचितच येतो. वसाहतकालीन कायद्यांखाली गुन्हेगार ठरविलेली व 1952 मध्ये विमुक्त झालेली ही जमात हरिण, तितर व ससा यांच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या जाणत आली आहे. गणना व गस्तीत त्यांचे ज्ञान मोलाचे ठरू शकेल. त्याऐवजी त्यांच्या वाट्यास बहुधा संशयच येतो.

अभयारण्याची सीमा प्राण्यांना ठाऊक नसते. टिपेश्वर अभयारण्यातील रेडिओ-पट्टा लावलेला एक वाघ 2019 मध्ये तेथून निघून शेतशिवारांतून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. 2024 च्या अखेरीस तेथलाच दुसरा एक वाघ लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथे आढळला. वाघाची पूर्वीची सवय नसलेल्या अशा गावांत अफवा व गर्दी आवरणे हेच पहिले काम ठरते. ते पोलीस पाटील, सरपंच व शिक्षक यांच्यावाचून होत नाही.

उन्हाळ्यात पाण्याच्या शोधातील प्राणी कठडा नसलेल्या विहिरींत पडतात. वन खात्याचे पथक येईपर्यंत दोर, जाळी वा बाज खाली सोडून त्यांना तगवून धरणारे हात बहुधा त्या शिवारातील शेतकऱ्यांचेच असतात.