नीसची बाराची तोफ

नीसला निघताना माझ्या खिशात दोन कागद होते. एक परतीचे तिकीट आणि दुसरा माझ्या सुवाच्य अक्षरातला कार्यक्रम. तीन दिवसांत सतरा प्रेक्षणीय स्थळे! बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला मौजसुद्धा ताळेबंदासारखी जुळवावी लागते. जर्मनीतल्या मुलाने, आम्ही मायदेशी परतण्यापूर्वी, ही सहल आम्हांला भेट दिली होती. लग्नानंतरचे माथेरान सोडले तर आम्ही दोघेच असे कुठे गेलोच नव्हतो.

विमान उतरू लागले तेव्हा खिडकीतून जमीन दिसेना. नुसते निळे पाणी! “अहो, समुद्रातच उतरवतात की काय?” म्हणत सौ.ने माझा दंड घट्ट धरला. धावपट्टी अगदी समुद्राला चिकटून आहे, हे मला वाचून ठाऊक होते. पण मी मुद्दामच बोललो नाही.

नीस दक्षिण फ्रान्समधले खरे, पण ते सार्डिनियाच्या राजाकडून फ्रान्सकडे आले ते १८६० साली. इटलीच्या एकीकरणाचा वीर गॅरिबाल्डी इथेच जन्मला. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या आणि गेरूच्या रंगाची घरे अजून इटलीचीच आठवण देतात. थंडीला कंटाळलेले इंग्रज इथे ऊब शोधत येत. १८२० च्या सुमारास त्यांनी वर्गणी काढून किनाऱ्याने पायवाट बांधवली. तीच आजची ‘प्रॉमनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा रस्ता. आपल्या मरीन ड्राइव्हसारखाच तो समुद्राला कमानीने बिलगून जातो. किनाऱ्यावर मात्र वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. आणि वर, कोणीही बसावे अशा निळ्या खुर्च्या.

पहिल्या संध्याकाळी तिथून चालताना एका देवदूताच्या शिल्पापाशी थांबलो. १४ जुलै २०१६ च्या रात्री, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी पाहून लोक परतत असताना, एका माणसाने याच रस्त्यावर गर्दीत ट्रक घातला. ८६ माणसे गेली. हे शिल्प त्यांचे स्मारक. सौ.ने हात जोडले. आम्ही मुंबईची माणसे. फारसे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात होती किल्ल्याची टेकडी. तिथला किल्ला चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला; नाव तेवढे उरले.

“किल्लाच नाही, तर काय बघायचं?” सौ. म्हणाली.

“अगं, लिफ्ट आहे, तीही फुकट!”

“तुम्ही या जाऊन. मी फुलबाजारात आहे.” तिचा फोन माझ्याच पिशवीत राहिला.

वरून लाल कौले, बंदर, निळाई डोळे भरून पाहत होतो. इतक्यात कानाशी धडाड् असा आवाज झाला! पक्षी उडाले. माझ्या छातीत धस्स झाले. कालचे शिल्प डोळ्यांपुढे आले आणि मी पायऱ्यांवरून जवळजवळ धावतच खाली आलो. फुलांच्या राशींतून वाट काढत, प्रत्येक साडीधारी बाईचा भास होत, मी तिला शोधू लागलो.

बाईसाहेब एका खाद्यपदार्थाच्या गाड्यापाशी हसत उभ्या! “अहो, हे बघा, इथलं बेसनाचं धिरडं!” त्याला ‘सोक्का’ म्हणतात. हरभऱ्याचे पीठ, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ. तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेले, वर मिरपूड.

“आणि तो आवाज?”

तो रोजचाच! विकणाऱ्या बाईने मोडक्या इंग्रजीत आख्यायिका सांगितली. इथे राहणाऱ्या एका स्कॉटिश सरदाराची बायको गप्पांत रमून जेवायला उशीर करी, म्हणून त्याने दुपारी बाराला तोफ उडवायला सुरुवात केली. पुढे शहराने ती प्रथा चालू ठेवली. आज तोफ नाही, पण बार आहे.

“म्हणजे नवऱ्यांची घाई सगळीकडे सारखीच!” सौ. म्हणाली. मग माझा चेहरा पाहून गप्प झाली. एकाच कागदी बशीतून आम्ही खाल्ले.

दुपारी आगगाडीने मोनाकोला गेलो. अवघे दोन चौरस किलोमीटरचे राज्य! १९५६ मध्ये ग्रेस केली ही अमेरिकन नटी इथली राणीसाहेब झाली. तिथल्या जुगारगृहात खुद्द मोनाकोच्या नागरिकांना खेळायची बंदी आहे. हा शहाणपणा मला फार आवडला. पण मन अजून त्या पायऱ्यांवरच होते.

तिसऱ्या दिवशी यादीतली सहा स्थळे शिल्लक असताना आम्ही निळ्या खुर्च्यांवर बसलो. मी विचारले, “२००८ मध्ये, त्या सव्वीस नोव्हेंबरला, मी फोर्टात अडकलो होतो. फोन लागत नव्हता. ती रात्र तू कशी काढलीस?”

ती बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. “इतक्या वर्षांनी विचारताय?” म्हणाली. आणि मग सांगू लागली. तासातासाला दाराशी जाणे, झोपलेल्या मुलाला न उठवणे, झाकून ठेवलेले माझे ताट, पहाटे शेजारणीने आणलेला चहा. सकाळी मी घरी पोचलो तेव्हा तिने एवढेच विचारले होते, “आंघोळीला पाणी काढू?” आणि मी ‘हो’ म्हणालो होतो.

टेकडीवर बार झाला. आता मी दचकलो नाही.

“बारा वाजले,” ती म्हणाली. “जेवायला उठायचं ना?”

“बसू की जरा. पुढं सांग.”