दुखलं की थांबा, पण पुन्हा चाला

पेणच्या बाजारात किंवा रोह्यात कुंडलिकेकाठी थोडं चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की उतरते? वय झालं म्हणून गप्प बसू नका. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. तंबाखू, विडी, मधुमेह ही मोठी कारणं. डॉक्टरांनी तपासून मुभा दिली, की चालणं हाच व्यायाम: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, दुखणं जाईपर्यंत थांबा, पुन्हा चाला. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान 3 दिवस, निदान 12 आठवडे. स्नायू मिळेल तो प्राणवायू नीट वापरू लागतात आणि न दुखता चालण्याचं अंतर वाढतं. बसल्याजागीही पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, तर आधी दवाखाना गाठा.